मनगटावरचा पट्टा

"दवाखान्यातून आलाव का?" गोंधळी बापूंनी विचारलं, तेव्हा मला आधी काही उमजलंच नाही. ते माझ्या उजव्या मनगटाकडं बघत होते. तिथं एक रंगीत कापडी पट्टा होता, पुण्यातल्या दोन दिवसांच्या संगीत महोत्सवाचा. हा पट्टा एकदा आवळला की सुटत नाही, कात्रीनंच कापावा लागतो. शनिवार-रविवार मी गिटारींच्या भिंतीसमोर उभा होतो. रविवारी रात्री ट्रॅव्हल्समध्ये चढलो, सोमवारी सकाळी परभणीला उतरलो, दुपारी जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावी पोचलो आणि रात्री चुलतभावाच्या लग्नाच्या गोंधळाला अंगणात जाऊन बसलो. कात्री शोधायला वेळ मिळाला नव्हता. खरं सांगायचं तर शोधायचीही नव्हती. पट्टा चार दिवस चार जणांना दिसावा, एवढी हौस त्या वयात असतेच.

"न्हाई बापू, गाण्याला गेलतो."

"मंग पट्टा कशाला?"

"तिकिटाचा हाय. दाखवल्याबिगर आत सोडीत न्हाईत."

बापूंनी संबळाची दोरी कमरेला बांधता बांधता माझ्याकडं एकदा नीट बघितलं. "म्हंजे दावंच की."

अंगण हसलं, मीही हसलो. मग संबळाचा पहिला ठोका पडला आणि आदल्या रात्री बेस गिटार पोटात जिथं घुमत होती, नेमका त्याच जागी लागला.

पुढच्या पानांतल्या नोंदींची सुरुवात त्या ठोक्यापासून झाली. हे संशोधन नाही. परभणी जिल्ह्याच्या लोककलांची सूचीही नाही. तसली कामं करणारी जाणती माणसं आहेत, त्यांची पुस्तकं आहेत. मी वाजवत नाही, गात नाही. कॉलेजात गिटारीचे चार कॉर्ड शिकलो आणि पाचव्यापाशी बोटं हरली. मी फक्त उठून जातो, समोर बसतो आणि ऐकतो. कधी पुण्यात रॉक ऐकायला, कधी पाथरीकडच्या सप्ताहाला, कधी उरुसाला, कधी भीमजयंतीच्या स्टेजसमोरच्या सतरंजीवर. घरी आल्यावर वहीत चार ओळी लिहितो. त्या वह्यांतून निवडलेल्या रात्री इथं आहेत.

या सगळ्या रात्री एकाच पुस्तकात का, असं मला विचारलं गेलं. गिटारवाल्या पोरांना गोंधळ्यांशेजारी बसवलं की दोघांचाही अपमान होतो, असं एका स्नेह्यांचं मत पडलं. माझं मत वेगळं आहे, आणि ते सांगायला 'इंडी' या शब्दापासून सुरुवात करावी लागेल.

पुण्या-मुंबईत हा शब्द आता इतका सैल वापरतात की दाढी वाढवून हळू आवाजात गाणारा कोणीही इंडी होतो. मूळ अर्थ पैशाचा आहे. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र; मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या दारात न जाता स्वतःचं गाणं स्वतः काढणारा. १९७७च्या जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्स नावाच्या बँडनं घरच्यांकडून, मित्रांकडून पाचशे पौंड उसने घेतले आणि चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली, 'स्पायरल स्क्रॅच'. पहिल्यांदा हजार प्रती छापल्या. त्या हातोहात खपल्या आणि कंपनीशिवायही गाणं निघू शकतं हे बाकीच्या पोरांना दिसलं. हे घडलं मँचेस्टरमध्ये, कापसाच्या गिरण्यांवर उभ्या राहिलेल्या आणि त्या बंद पडल्यावर बसकण मारलेल्या शहरात. सेलू-मानवतच्या कापूस बाजारात वाढलेल्या माणसाला ते शहर समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याकडं १९८६ साली मुंबईत, धोबीतलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झालं. पुढं ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रंगभवन शांतता क्षेत्रात आलं आणि त्या उघड्या रंगमंचाचा आवाज बंद झाला. २०१० साली पुण्यात 'एनएच सेव्हन वीकेंडर' सुरू झाला आणि माझ्या पिढीला मैदान मिळालं. आम्ही मराठवाड्यातली पोरं तिथं जथ्यानं जायचो. एका खोलीत सहा जण राहणारे, मेसचे पैसे वाचवून तिकीट काढणारे. तिथं पहिल्यांदा कळलं की कानात गोळे घालून ऐकलेलं गाणं आणि समोर वाजणारं गाणं या दोन वेगळ्या वस्तू आहेत. समोरच्या गाण्यात चूक होऊ शकते. तार तुटते, गायकाचा आवाज फाटतो, ढोलवाला एक मात्रा आधी येतो आणि बाकीचे तिघं त्याला सांभाळून घेतात. ते सांभाळणं बघायला मी पैसे देत होतो, हे मला फार उशिरा कळलं.

आता पैशाचा हाच प्रश्न परभणी जिल्ह्यात विचारून बघा. इथं गाण्याचे पैसे कोण देतं? ऐकणारा देतो, आणि गाणाऱ्याच्या हातात देतो. कार्यक्रम ठरवायला आपल्याकडं 'सुपारी देणं' म्हणतात. सिनेमानं त्या शब्दाचं वाटोळं केलं, तो भाग वेगळा. गोंधळ्याला सुपारी घरचा कर्ता देतो. सप्ताहाला गाव पट्टी काढतं. भीमजयंतीला वस्ती वर्गणी गोळा करते. उरुसात कव्वालासमोर नजराणा ठेवला जातो. कंपनी नाही, प्रायोजक नाही, मधला माणूस नाही. असलाच तर तो पानटपरीवाला, ज्याच्याकडं पार्टीचा मोबाईल नंबर असतो. पाचशे पौंड उसने घेऊन मँचेस्टरच्या पोरांनी जे मिळवलं, ते या मातीत आधीपासून पडलेलं होतं. फक्त त्याला कोणी इंडी म्हणत नव्हतं. त्याला 'कार्यक्रम' म्हणतात.

गोंधळाबद्दल थोडं थांबून सांगितलं पाहिजे, कारण पुस्तकातल्या जवळजवळ अर्ध्या रात्री गोंधळाच्या आहेत.

गोंधळ्यांची पार्टी साधारण चार-पाच जणांची असते. म्हणजे बँडच. नायक पुढं उभा राहून आख्यान लावतो. त्याचा जोडीदार मधे मधे अडाण्याचं सोंग घेऊन आडवे प्रश्न विचारतो. गोष्ट पुढं सरकते ती त्याच्या प्रश्नांवर, आणि हसू पिकतं तेही त्याच्यामुळंच. एकजण संबळावर असतो. संबळ म्हणजे एकत्र बांधलेली दोन तोंडं, एक जाड आवाजाचं, एक टणत्काराचं. वाजवायच्या काड्यांपैकी एकीचं टोक वाकडं असतं आणि जाड बाजूवर तिनं जो घुमारा निघतो, तो कोणत्याही स्पीकरातून तसाच्या तसा मी अजून ऐकलेला नाही. चौथा तुणतुण्यावर. तुणतुण्याला एकच तार आणि रात्रभर एकच सूर. नवख्याला वाटतं, याला काय काम आहे? चार तास ऐकल्यावर कळतं की सगळी रात्र त्या एका तारेवर टांगलेली होती. हाच माणूस बहुधा झील धरतो, म्हणजे नायकाची ओळ उचलून मागं लांबवतो. देवीचा पोत कधी याच्या हातात, कधी त्याच्या. कदमराई गोंधळी तुळजाभवानीचे, रेणुराई माहूरच्या रेणुकेचे. आपल्याकडं दोन्ही घराण्यांचा राबता आहे.

आधी चौक भरतात, घट मांडतात, गण होतो. मग देवांना बोलावणं सुरू होतं. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, एकेकाला त्याच्या गावाचं नाव घेऊन हाक. ही यादी उतरत उतरत घरच्या कुलदैवतापर्यंत येते आणि शेवटी गावच्या मारुतीपर्यंत. मोठ्या स्टेजवरचा गायक "हॅलो पुणे!" म्हणून ओरडतो तेव्हा पन्नास हजारांचा जमाव खूष होतो, मीही झालो आहे. पण तुमच्या घराण्याचा देव कोणता, त्याचं ठाणं कुठं, हे आधी विचारून घेऊन मग गायला उभा राहणारा गायक मला फक्त अंगणात भेटला.

आणि मग उत्तररात्री आख्यान. परभणीचे गोंधळी राजारामभाऊ कदम यांचं नाव महाराष्ट्राला माहीत झालं ते आख्यानांमुळंच. अशोकजी परांजपे यांच्यासारख्या अभ्यासकांनी हा खजिना हेरला आणि 'जांभूळ आख्यान' शहरी रंगमंचावर पोचलं; तिथं ते विठ्ठल उमपांनी असं गाजवलं की पुष्कळांना ते त्यांचंच वाटतं. गोष्ट अशी की पाच पती असताना द्रौपदीचं मन कर्णाकडं ओढ घेतं, आणि कृष्ण एका जांभळाच्या निमित्तानं ते उघड करतो. व्यासांच्या महाभारतात हे सापडत नाही. जरा विचार करा, ही गोष्ट कुठं सांगितली जाते? नव्या नवरीच्या घरी, लग्नाच्या गोंधळात, रात्री दोनला, सासू-सुना-जावा एका सतरंजीवर बसलेल्या असताना. बाईचं मन पाचांत मावलं नाही, हे देवीच्या घटासमोर उभं राहून एक माणूस गातो आणि बाया पदरात तोंड घालून हसतात, मग हळूहळू हसायच्या थांबतात. पुण्यातल्या मैदानावर मी बंडखोर म्हणवणारी पुष्कळ गाणी ऐकली. इतकं धाडस मला एकात दिसलं नाही.

मात्र इथंच थांबलो तर हे पुस्तक खोटं ठरेल.

मी पुण्याहून आलो की हलगीबद्दल भरभरून बोलायचो. तिची ती कडक थाप, शेकोटीवर तापवून चढवलेलं कातडं, वगैरे. वर्गातला एक मित्र माझं सगळं ऐकून घेऊन एकदा म्हणाला, "तुला हलगी आवडते, कारण तुझ्या आज्याला ती वाजवावी लागली नाही." त्याच्या आजोबांनी मयतीला, मिरवणुकीला, दवंडीला हलगी वाजवली होती, मोबदल्यात भाकरी आणि सुगीचं पायलीभर धान्य. पाऊस असो, घरी कोणी आजारी असो, बोलावणं आलं की जायचं. त्यांच्या मुलानं हलगी खुंटीला टांगली ती टांगलीच. त्या टांगण्यामागं जो स्वाभिमान होता, तो कुठल्याही वाजवण्याहून मोठा होता, असं मला आज वाटतं. लोककला मरत चालली म्हणून हळहळणाऱ्यांनी आधी हे विचारलं पाहिजे की ती कोणाच्या पाठीवर उभी होती. गोंधळ्याच्या सुपारीलाही हे लागू आहे. सगळे नायक सुपारी राजीखुषीनं घेत नव्हते; हक्क आणि हलाखी यांच्यातली रेघ फार बारीक होती.

म्हणून स्वतंत्र संगीत या शब्दाचा पुरता अर्थ मला लागला तो भीमजयंतीच्या स्टेजसमोर. ज्यांनी गावकीची कामं सोडली, त्यांनीच नवं गाणं उभं केलं, आणि ते कोणाच्या दारात उभं राहून नाही. आंबेडकरी जलशापासून ही परंपरा चालत आली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्मलेले वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव फिरले. वस्तीवर मुक्काम, मिळेल ते जेवण, रात्री गाणं. २००४ साली ते गेले, पण मराठवाड्यात अजून अशी घरं आहेत जिथं "दादा इथं बसले होते" म्हणून ओसरीवरची जागा दाखवतात. गाणी छोट्या पुस्तिकांतून छापायची आणि कार्यक्रमातच दोन-चार रुपयांना विकायची, हा रिवाज होता. मग कॅसेटी आल्या. स्वतः लिहिणं, स्वतः गाणं, स्वतः छापणं, स्वतः विकणं; मँचेस्टरच्या पोरांना हे दाखवायला हवं होतं.

भीमगीतांच्या रात्री मला आणखी एका कारणासाठी आवडतात. तिथं कव्वालीचा बाज सर्रास चालतो. समोरासमोर दोन पार्ट्या, सवाल-जवाब, टाळीचा ठेका. प्रल्हाद शिंदे याच मुशीतले. म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीला परभणीत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसात जी कव्वाली ऐकावी, तिचीच बहीण एप्रिलमध्ये निळ्या झेंड्यांखाली भेटते. उरुसाला सगळ्या जातिधर्मांची माणसं येतात, हे वाक्य वर्तमानपत्रात दर वर्षी छापून येतं आणि गुळगुळीत झालं आहे. पण गाण्यानं ती ये-जा खरोखर केली आहे, ती कानाला ऐकू येते. या जिल्ह्यावर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं. बोलीत उर्दू मुरली तशी चालींतही मुरली. वामनदादांच्या पुढच्या पिढीत औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारीवर गातात. कोणीतरी मोबाईलवर चित्रण केलं आणि त्यांचा आवाज घरोघर गेला. एक बाई, एक तार, एक फोन. त्यात कंपनी कुठंच नव्हती.

बक्षिसाची रीतही बघण्यासारखी. गाणं चालू असताना कोणी उठतो, पन्नासची नोट पेटीवर ठेवतो. निवेदक गाणं थांबवून त्याचं नाव पुकारतो, कोणाच्या स्मरणार्थ ते सांगतो आणि गाणं जिथं सोडलं तिथून पुन्हा उचलतात. पहिल्यांदा मला याचा राग यायचा, रसभंग वाटायचा. आता वाटतं, हा रस भंगत नाही, त्यात नावं मिसळतात. शहरातल्या महोत्सवात पडद्यावर दारूच्या कंपनीचं नाव तासभर झळकत असतं, त्याला कोणी रसभंग म्हणत नाही.

सप्ताहाबद्दल वाचकाला फार सांगायला नको. अखंड हरिनाम सप्ताह ज्यानं बघितला नाही असा माणूस परभणी जिल्ह्यात सापडणं कठीण. सात दिवस, पहाटे काकडा, दिवसा पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. वीणा एकदा उभी राहिली की सात दिवस खाली टेकत नाही, हातातून हातात जाते. चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर रोजच्या कीर्तनकाराचा फोटो, नाव, गाव आणि खाली त्या दिवशीच्या पंगतीचा अन्नदाता. १९६९च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत वुडस्टॉकचा जो जगप्रसिद्ध महोत्सव भरला, तो मॅक्स यासगर नावाच्या दूधवाल्या शेतकऱ्याच्या रानात भरला होता. चार लाखांवर लोक आले आणि खाण्यापिण्याची दाणादाण उडाली. आमच्याकडं सप्ताह कापसाच्या मोकळ्या झालेल्या रानातच बसतो, पण पंगत चुकत नाही. नामांकित कीर्तनकारांच्या तारखा मात्र आता खूप आधी धराव्या लागतात आणि काहींच्या पाकिटाचे आकडे ऐकून गावाला घाम फुटतो. हे मला बरं वाटत नाही. तरी मृदंगी आणि टाळकरी गावातलेच असतात, आणि माझं लक्ष त्यांच्याकडंच असतं.

गाणाऱ्याच्या जागेबाबत आपल्या भागाची एक जुनी आठवण आहे. नामदेवांचं नरसी आणि औंढा नागनाथ ही दोन्ही ठिकाणं १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणीतच होती. औंढ्याला नामदेव कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी त्यांना देवळामागं जायला सांगितलं आणि देऊळच फिरलं, त्यांच्याकडं तोंड करून उभं राहिलं, अशी आख्यायिका आहे. नंदी आजही देवळाच्या मागं दाखवतात. गाणाऱ्याला मागं ढकललं तर स्टेज वळून त्याच्यासमोर येतं, अशी गोष्ट ज्या भागानं रचली, त्या भागाला कलाकाराची जागा कोणती हे कोणी शिकवायला नको. आणि ज्या गंगाखेडची जनाबाई, त्या गंगाखेडच्या बायांनी जात्यावर ज्या ओव्या गायल्या, त्यांना तर श्रोताही नको होता. पहाटेचा अंधार, जात्याची घरघर आणि दोघी जणी. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरातून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. पिठाच्या गिरणीनं जातं गेलं. माझ्या आजीला ओव्या येत होत्या, पण जात्याशिवाय म्हण म्हटलं की ती दोन ओळींत अडायची. हात फिरायला लागला की शब्द यायचे.

आता बेंजो. वरातीत वाजतो तो. बटणं दाबून तारा छेडायचं हे वाद्य मूळ जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली तैशोगोतो तयार केलं. त्याचं बुलबुलतरंग झालं, आणि आपल्या पोरांनी त्याला पिकअप बसवून कर्ण्याला जोडलं. पत्र्याच्या गाडीवर बेंजो, कॅसिओ, ऑक्टोपॅड, ताशा. रॉक बँडला लागतं ते सगळं यात आहे, विकृत केलेला तारेचा आवाज धरून. माझ्या माहितीतला सगळ्यात वेगवान लीड वाजवणारा माणूस पूर्णा तालुक्यात आहे आणि उन्हाळ्यात त्याला झोप मिळत नाही. पण आता डीजेच्या भिंती आल्या. त्यांच्यापुढं बेंजो ऐकू येत नाही, हलगी ऐकू येत नाही, शेजारचा माणूसही ऐकू येत नाही. २००० सालच्या ध्वनिनियमांप्रमाणं वस्तीत रात्री ४५ डेसिबलच्या वर जायचं नाही आणि दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षातले पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. नियम चांगलाच आहे. गंमत एवढीच की दहाच्या ठोक्याला बंद पडतो तो बिचाऱ्या शाहिराचा भोंगा. तोवर डीजेनं जे करायचं ते करून टाकलेलं असतं. मी रॉकचा माणूस आहे, मोठ्या आवाजाला मी घाबरत नाही. पण मोठा आवाज आणि वाजवणारा माणूस या दोन गोष्टींतली एकच निवडायची झाली तर मला माणूस हवा.

परभणी शहरात गिटारवाली पोरंही आहेत. वसमत रोडकडच्या एका खोलीत चौघं जमतात. एक कृषी विद्यापीठातला, एक पॉलिटेक्निकचा, एक मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसणारा, चौथा सध्या काहीच न करणारा. घरमालकाच्या धाकानं ड्रम नाही, ऑक्टोपॅड आहे. वाजवायला जागा नाही, ही त्यांची खरी अडचण. कॉलेजचं स्नेहसंमेलन वर्षातून एकदा, तिथंही सिनेमातली गाणीच मागतात. बी. रघुनाथ सभागृहाचं भाडं खिशाबाहेर. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" ही म्हण त्यांनी इतक्यांदा ऐकली आहे की बँडचं नावच 'नहीं तो' ठेवायचं त्यांच्या मनात होतं. मी त्यांना एका गोंधळाला घेऊन गेलो. त्यांचा गिटारवाला तुणतुणेवाल्याजवळ जाऊन बसला आणि तासाभरानं माझ्या कानात म्हणाला, "काका, हे एकच सूर धरायलेत, पण सरकू कामून वाटंना?" त्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. नंतर त्यांनी बसवलेल्या एका गाण्यात बेस सबंध वेळ एकाच सुरावर थांबते. गाणं अजून कच्चं आहे. पण मुंबईच्या 'धम्म विंग्ज'नं भीमगीतं रॉकमध्ये आणली, 'स्वदेसी'च्या पोरांनी वारली आवाज रॅपशेजारी उभा केला, २०२४ साली 'तांबडी चामडी'नं मराठी शब्दांवर परदेशी नाचवले; हे सगळं या चौघांना पाठ आहे. त्यांना उपदेशाची गरज नाही, रात्री नऊ ते अकरा एखादा पत्रा मारलेला हॉल मिळाला तर हवाय.

आकाशवाणी परभणीवर स्वतंत्र नोंद या पुस्तकात नाही, याची रुखरुख आहे. १३०५ किलोहर्ट्झवर लागणारं ते केंद्र आमच्या घरात सकाळचं घड्याळ होतं आणि जिल्ह्यातले कितीतरी गळे मी पहिल्यांदा तिथंच ऐकले. पण हे पुस्तक समोरासमोरच्या गाण्याचं आहे, आणि रेडिओसमोर बसून दाद दिली तर ती पोचत नाही. जिंतूरकडच्या बंजारा तांड्यांवरच्या होळीच्या लेंगीवर एकच नोंद आहे. ती तोकडी आहे, कारण मला गोरबोली कळत नाही आणि दर वेळी अर्थ विचारला की गाणाऱ्या बाया हसत सुटतात.

नोंदी वाचून कोणाला जावंसं वाटलं तर थोडी कामाची माहिती. उरूस फेब्रुवारीत. सप्ताह सुगी आटोपल्यापासून चैत्रापर्यंत कुठं ना कुठं चालूच असतो. भीमजयंती १४ एप्रिलला, पण गावोगावचे कार्यक्रम पुढं महिनाभर वेगवेगळ्या तारखांना होतात. गायकांना सगळीकडं पोचता यावं म्हणून. शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना परभणी-गंगाखेडवरून जाते, तेव्हा मुक्कामाच्या रात्री टाळ-मृदंग ऐकायला रस्त्याकडेला उभं राहिलं तरी पुरे. गोंधळाला निमंत्रण लागत नाही असं म्हणतात; तरी घरच्या कर्त्याला आधी रामराम घालावा. सुट्या नोटा जवळ ठेवाव्यात. पुढं बसावं, पण नायकाच्या जोडीदाराच्या अगदी समोर बसू नये, तो तुम्हाला सोंगात ओढल्याशिवाय राहत नाही. चित्रण करायचं तर एक गाणं करावं आणि फोन खिशात घालावा. माझ्या फोनमध्ये अशा सदुसष्ट फिती आहेत. त्यांतली एकही मी पुन्हा बघितलेली नाही.

दावं म्हणणारे बापू आता थकले. संबळ मुलाकडं दिला आहे, स्वतः तुणतुणं धरून मागं उभे राहतात. मुलगा दिवसा ट्रॅक्टर चालवतो, त्यानं सुपारीसाठी कार्ड छापलं आहे आणि कार्डावर संबळाऐवजी छापखान्यानं चुकून तबल्याचं चित्र टाकलं आहे. पुढच्या गुरुवारी त्यांचा गोंधळ सेलूकडच्या एका वस्तीवर आहे. वेळ रात्री नऊची सांगितली आहे, म्हणजे साडेदहाला चौक भरतील.